सातजणांना पुरेल एवढा तांबडा

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दीड वाजता बाळाबाई वाचनालयाच्या पायऱ्या उतरते. खांद्याला मांजरपाटाची पिशवी, पिशवीत पंचवीस पुस्तकं, पायात रबरी चप्पल. वय एकसष्ट. पेठेतल्या अरुंद बोळातून ती मधोमध चालते आणि मागून येणारा रिक्षावाला हॉर्न वाजवायच्या भानगडीत पडत नाही, कारण एकदा एकानं वाजवला होता आणि बाळाबाईनं त्याला वाचनालयाचा सभासद करूनच सोडला होता.

ती मूळची गगनबावड्याच्या अंगाची. शाळा तिसरीपर्यंत, कारण चौथीचा वर्ग ओढ्याच्या पलीकडे भरायचा आणि ओढा वर्षातले चार महिने कुणाला पलीकडे जाऊ देत नसे. लग्न होऊन कोल्हापुरात आली. नवरा फौंड्रीत होता, तो गेल्यावर तिनं पेठेतल्या वाचनालयात झाडलोटीचं काम धरलं. वीस वर्षं पुस्तकांवरची धूळ पुसली, पण आत काय आहे हे कधी उघडून बघितलं नाही. आणि मग एके दिवशी कपाट पुसताना एका पुस्तकाच्या कव्हरवर तिला आपल्या घाटातलं वळण दिसलं. दाट धुकं, कडेला दगडी कठडा आणि मधे घोड्यावर एक माणूस, ओठ लालभडक.

पुस्तकाचं नाव होतं ‘धुक्यातला सरदार’, भाग पहिला. सरदार इंद्रसेन तीनशे वर्षांपूर्वी लढाईत पडला, पण मेला नाही, आणि तेव्हापासून माणसांचं रक्त पिऊन घाटमाथ्यावर जगतोय, अशी एकंदर भानगड. त्याला भेटते मृण्मयी. ती रक्तपेढीत नोकरीला, म्हणजे सरदाराची सोय झाली. बाळाबाईनं अक्षराला अक्षर लावत तो पहिला भाग वाचला, त्याला अकरा महिने लागले. दुसऱ्याला चार. पाचवा तिनं आठवड्यात संपवला. पन्नाशी ओलांडलेली बाई एका रक्तपिप्याच्या नादानं वाचायला शिकली, आणि याचं तिला स्वतःलाच एवढं कौतुक वाटायचं की पुढं कुणी त्या मालिकेला नावं ठेवली की तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

तशी तिची स्वतःची तक्रार होतीच. “लिवणाऱ्यानं बावडा बघितलेला न्हाई,” ती म्हणायची. “जूनपासनं चार महिनं तिथं घोडा कोण बाहीर काढतंय? आनि रगत प्यायला तिथं जळवा हायत की पैशाला पासरी. ह्या बाबाची गरजच काय?” पण पुढचा भाग आला की पहिली नोंद तिच्याच नावाची.

पिशवी निघाली कोरोनात. वाचनालयाला कुलूप, बायका घरात कोंडलेल्या, तेव्हा बाळाबाईच तोंडाला पदर बांधून घरोघरी पुस्तकं देऊ लागली. कुलूप निघालं तरी पिशवी थांबली नाही. ज्या बायका कधी वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या, त्या सत्तर जणी आता दाराशी वाट बघायच्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त इंद्रसेनाची वाट बघायच्या.

आठव्या भागापर्यंत सगळं सुरळीत होतं. तलवारी, खिंडी, दगाबाज कारभारी आणि दर वीस पानांना एक मुडदा. नवव्या भागापासून लेखकाला काय झालं कोण जाणे. मृण्मयीची रक्तपेढी मागं पडली, किल्ले मागं पडले आणि शेजघराचं दार पुढं आलं. दहाव्यात ते उघडलं. अकराव्यात कुणी लावूनच घेईना.

इथं पेठेत उभी फूट पडली.

लक्ष्मीपुरीत भुसार दुकान असलेल्या घरातल्या अक्काताई, निपाणीकडच्या, कुणाही धाकट्या बाईला कानडीत ‘तंगी’ म्हणणाऱ्या, त्यांनी अकरावा भाग बाळाबाईच्या हातात आदळला. “यव्वा, काय चाललंय हे? आधी मान दिसली की दात लागत हुते. आता मान दिसली की बारा पानं जातात, आनि दात लागतच न्हाईत. असला कसला रगतपित्या, तंगी?”

त्याच घरात, त्याच दिवशी, अक्काताईंची सून शिवलीला जिन्याखाली बाळाबाईला गाठून हळूच म्हणाली, “मावशी, बारावा कधी येतोय? आता कुठं त्या मृण्मयीच्या आयुष्यात काय बरं घडाय लागलंय. पहिल्यापासनं नुसती बाटल्या भरतीया बिचारी.”

एका घरात दोन मतं, आणि पुस्तकं एकाच पिशवीतून जाणार. चुकून अदलाबदल झाली तर सासूसुनेचं भांडण बाळाबाईच्या डोक्यावर. तेव्हा तिनं एक युक्ती काढली. नवव्यापासून पुढच्या भागांना खुणेसाठी तांबडा दोरा लावला आणि बाकी सगळ्यांना पांढरा. कुणाला काय हवं ते एका शब्दात कळायचं. आठवड्याभरात शब्द पेठभर झाला. बायका भर बोळात, नवऱ्यांच्या देखत विचारू लागल्या, “बाळाबाई, आज तांबडा हाय का गं?” नवऱ्यांना वाटायचं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा, म्हणजे मटणाचा बेत चाललाय. काहींच्या तोंडाला पाणीसुद्धा सुटायचं.

अक्काताई कडक पांढऱ्यावाल्या. पण शिवलीलाकडून परत आलेल्या तांबड्या अकराव्या भागात एकशे चौऱ्याहत्तराव्या पानावर बाळाबाईला चुन्याचं बोट उमटलेलं दिसलं. शिवलीला पान खात नाही. त्या घरात चुन्याची डबी एकाच माणसाच्या कमरेला असते. बाळाबाईनं ओल्या फडक्यानं ते बोट हलक्या हातानं पुसलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं. कुणाच्या घरी काय जातं, कुठल्या पानावर कुणाची हळद सांडलेली आहे, हे तिला सगळं ठाऊक असायचं, आणि त्यातलं अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडत नसे. पिशवीनं बोलायचं नसतं, असं ती म्हणायची.

बोलायला पुस्तकाचं शेवटचं कोरं पान होतं. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर शेरा मारल्याशिवाय मराठी माणसाचं वाचन पुरं होत नाही. कव्हरच्या आत छापील चिठ्ठी डकवलेली असते, ‘पुस्तकात लिहू नये. अध्यक्षांच्या हुकमावरून.’ आणि मागं पेन्सिलीनं लढाई चाललेली असते. बाराव्या भागाच्या मागं कुणीतरी लिहिलं होतं, ‘पान १७० ते १८१ वाचू नये.’ खाली दुसऱ्या हातानं, ‘वाचले.’ त्याच्या खाली तिसऱ्या हातानं, ‘दोनदा.’ एकीनं विचारलं होतं, ‘मृण्मयी कामाला कधी जाते? पगार कापत नाहीत का?’ एकीनं ठणकावलं होतं, ‘ज्यांना झेपत नाही त्यांनी पोथ्या वाचाव्यात. पिशवीत त्याही असतात.’

ज्यांच्या हुकमावरून ती चिठ्ठी डकवलेली होती ते विजयसिंह सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, वाचनालयाचे अध्यक्ष. खिशात अजून लाल शाईचं पेन असायचं आणि पेठेतल्या अर्ध्या लोकांच्या तळहाताला त्यांची छडी आठवायची. माणूस सरळ, पण कडक. कथा-कादंबरी त्यांनी आयुष्यात हातात धरली नाही. त्यांच्या पत्नी संयोगितावहिनी मात्र बाळाबाईच्या पहिल्या सभासद. त्यांच्याकडं जाताना वर स्तोत्रांचं पुस्तक असायचं आणि खाली इंद्रसेन. सरांनी वरचं पुस्तक बघून दोनदा समाधानानं मान हलवली होती.

वार्षिक बैठकीच्या आधीच्या गुरुवारी सरांनी बाळाबाईला टेबलापाशी बोलावलं. समोर एक निनावी पत्र होतं.

“ही कसली पुस्तकं वाटत फिरतीयास?”

“जी कपाटात हायत तीच, सर.”

“रविवारी निकाल लावायचा. मालिका बंद, आनि तिच्यापायी जी पिशवी फिरतीया ती पण बंद. ज्याला वाचायचंय त्यानं हितं यावं, माझ्या म्होरं रजिस्टरात सही करावी आनि न्यावं.”

सरांच्या समोर येऊन सही करून बारावा भाग नेणारी बाई कोल्हापुरात अजून जन्मायची होती. म्हणजे सत्तर दारं बंद. मंगळवार-शुक्रवार दुपारी दीडला निघायचं कुठं? तिला एकदम लहानपणीचा तो ओढा आठवला. या काठाला ती आणि त्या काठाला शाळा. आता त्याच ओढ्याच्या काठावर सर तिच्या बायकांना उभं करत होते, आणि तिला फार वाईट वाटलं.

ती वळली तेवढ्यात सर म्हणाले, “आनि हे बघ. रविवारी तांबडा सातजणांना पुरंल एवढा पायजे. प्रत्येकाच्या म्होरं आला पायजे. पांढरा नसला तरी चालंल. गेल्या साली कमी पडलाता. ते तूच बघ.”

दर वर्षी बैठकीनंतर कार्यकारिणीचं मटणाचं जेवण असतं. आकाराम आचारी बाळाबाईच्या शेजारी राहतो, म्हणून निरोप तिच्याकडं. सरांच्या मनात एवढंच होतं. पण सत्तर दारं बंद होताना दिसणाऱ्या माणसाला मटण आठवत नाही. सर आत्ता काय बोलत होते? पुस्तकांचं. मग तांबडा कसला असणार? सरांच्या कानापर्यंत दोऱ्याची गोष्ट पोचली होती तर. आणि बरोबरच आहे, निकाल लावायचा म्हणजे पुरावा समोर हवाच. प्रत्येकाच्या समोर एक. गेल्या वर्षी कसला कमी पडला होता, हे तिला कळलं नाही, पण हेडमास्तरांना उलटा प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती.

नऊ ते तेरा, त्यात अकराव्या-बाराव्याच्या दोन-दोन प्रती, अशा बरोबर सात. कपाटात एकही नव्हती. शुक्रवार-शनिवार बाळाबाई घरोघर वसुलीला फिरली. शिवलीलानं नवव्या भागातून मान वर न काढता पुस्तक धरून ठेवलं, ते ओढून घ्यावं लागलं. अक्काताईंच्या उशाखाली अकराव्याची दुसरी प्रत सापडली. “मी कुठं वाचतेय,” अक्काताई म्हणाल्या, “मान अवघडलीया म्हणून उशाला घेतलंय.” संयोगितावहिनींनी बारावा भाग पदराखालून काढून दिला आणि म्हणाल्या, “सोमवारी परत आणून दे गं. अजून बत्तीस पानं ऱ्हायल्यात.” बैठकीत काय ठरणार आहे हे बाळाबाईला त्यांना सांगवेना.

रविवारी साडेबाराला बैठकीचे बाकीचे विषय संपले. सर म्हणाले, शेवटचा विषय जेवणानंतर. सातजण हात धुऊन सतरंजीवर येऊन बसले. पुढं दर वर्षीसारखी बाळाबाईनं मांडलेली सात ताटं (मटणाचं सरांनी आकारामला परस्पर सांगितलं असेल, असं तिनं धरलं होतं), आणि प्रत्येक ताटात मधोमध एक पुस्तक, तांबडा दोरा बाहेर लोंबतोय.

“हे काय?” सर म्हणाले.

“तांबडा,” बाळाबाई म्हणाली. “सातजणांना सात. पांढरा आणला न्हाई.”

मग खजिनदार जोतीराम, ज्यांची बायको तांबड्यावाल्यांची पुढारी होती, त्यांनी खाली मान घालून खांदे हलवायला सुरुवात केली. त्यांच्या घरात दोन वर्षं ज्या तांबड्याची कुजबुज चालायची आणि ताटात कधी यायचा नाही, तो त्यांना आत्ता उमगला होता.

“बाळाबाई, मी मटनाचं बोलत हुतो.” सरांचा आवाज शाळेतला होता.

“पुस्तकाचं बोलताबोलता म्हणालासा, सर. मला काय म्हाईत?”

“म्हंजे आकारामला निरोपच न्हाई?”

आकाराम तेव्हा घरी जेवून वामकुक्षी घेत होता. त्याला उठवलं, मटण आणायला पिटाळलं. त्यानं सांगितलं, दोन तास लागतील, घाई केली तर मटण चामड्यासारखं होईल, मग मला नावं ठेवायची नाहीत. आता दुपारचा एक वाजलेला, पोटात कावळे ओरडतायत, सात पोक्त माणसं, करणार काय? घरी जावं तर मटण हुकतं.

पहिलं पुस्तक जोतीरामांनी उघडलं. म्हणजे त्यांनी नुसतं हातात घेतलं, ते आपणहून उघडलं. खूप हातांतून गेलेलं पुस्तक जिथं जास्त वाचलं गेलंय तिथंच उघडतं, त्याला कुणी काही करू शकत नाही. जोतीरामांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग बाकीच्यांनीही, पुरावा तपासायला हवा असं एकमेकांना सांगत, आपापली पुस्तकं उचलली. सर तेवढे हाताची घडी घालून बसले.

अर्ध्या तासात कार्यकारिणीत उभी फूट पडली.

“लढाया कुठं गेल्या?” उपाध्यक्ष धैर्यशील वैतागून म्हणाले. “सरदार हाय का कोण हाय? साठ पानं झाली, अजून तलवार म्यानातनं निघाली न्हाई.” हे ऐकून बाळाबाईला अक्काताईच बोलतायत असं वाटलं.

“भाषा मात्र वळणदार हाय,” जोतीराम मान वर न करता म्हणाले.

“तुम्ही भाषाच बघा.”

मग कुणालातरी शेवटची पानं सापडली. ‘वाचले’ आणि ‘दोनदा’ मोठ्यानं वाचून झाल्यावर हशा असा उठला की समोरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून दारात आला. सर कडाडले, “वाचनालयाच्या पुस्तकात लिवलंय? कुणी?” आणि आपल्या ताटातलं पुस्तक उचलून त्यांनी थेट शेवटचं पान काढलं.

त्यांच्या ताटात बारावा भाग होता. आणि दोन्ही प्रतींपैकी नेमकी ती.

बाळाबाईला ते आत्ता दिसलं. सकाळी घाईत ताटं मांडताना कुठली प्रत कुठं गेली हे तिनं बघितलंच नव्हतं. त्या पानावर सगळ्यात खाली, बारीक पेन्सिलीनं, संयोगितावहिनींचा शेरा होता. तो तिनं कालच वाचला होता. आता पिशवी बंद झाली तर झाली, पण सत्तर बायकांनी जिच्यावर विश्वास टाकला तिनं पहिल्याच सभासदाला भर सभेत उघडं पाडलं होतं, तेही नवऱ्यासमोर.

सर वाचत होते. वहिनींच्या ‘ळ’ला खाली एक शेपूट असतं. डाळ, गूळ, हळद, चाळीस वर्षं वाणसामानाच्या यादीत सर ते शेपूट बघत आले होते. पानावर लिहिलं होतं:

‘पान २०६. बाकी सगळं असू दे. तो तिला विचारतो, जेवलीस का? असं विचारणारा असेल तर दात असले तरी चालतील.’

सरांनी ते एकदा वाचलं. मग पुस्तक चाळून दोनशे सहावं पान काढलं, ते वाचलं, आणि परत मागं आले. त्यांची मान हळूहळू खाली गेली. छडी मारणाऱ्या माणसाचा चेहरा असा होऊ शकतो हे बाळाबाईला ठाऊक नव्हतं. तिला एकदम त्यांची कणव आली.

“काय लिवलंय, सर?” धैर्यशीलनी विचारलं. “मोठ्यानं वाचा की.”

सरांनी पुस्तक मिटलं. “काय न्हाई. शुद्धलेखनाच्या चुका हायत.”

“मग ठराव काय लिहू? मालिका बंद, पिशवी बंद?” जोतीरामांनी विचारलं.

“मालिकेचं तुमचं एकमत व्हायला आकारामचं मटण दोनदा शिजंल,” सर म्हणाले. “चौदावा आला की घ्या.”

“आणि पिशवी?”

“पिशवीनं काय घोडं मारलंय?” सर उठले. बारावा भाग काखेत मारला. मग मोबाईल घेऊन बाहेर पायरीवर गेले. आत जोतीराम आणि धैर्यशील तलवारीवरून भांडत होते, म्हणून बाहेर काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. आत आल्यावर सरांनी खिशातून पेन काढलं, पाठमोरे होऊन पुस्तकात काहीतरी खरडलं आणि ते बाळाबाईच्या हातात न बघता दिलं. तीन वाजता आकाराम पातेलं घेऊन आला. तांबडा सातजणांना पुरून उरला.

मंगळवारी बाळाबाई सगळ्यात आधी संयोगितावहिनींकडं गेली. माफी मागायची म्हणून वाटेत चार वाक्यं जुळवली होती. दारातच वहिनींनी तिला आत ओढलं.

“अगं, परवा ह्यांचा फोन आलता. दुपारी. म्हणाले, जेवलीस का? मला वाटलं, पायरीवरनं पडलं का काय. मी म्हटलं, तुमास्नी बरं न्हाई का? तर म्हणाले, बराय मी, तू सांग. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बाळाबाई.”

बाळाबाईनं पिशवीतून बारावा भाग काढून दिला. यावेळी वर स्तोत्रांचं पुस्तक ठेवलं नाही. वहिनींनी तो घेतला, सवयीनं शेवटचं पान उघडलं आणि तिथंच थबकल्या. त्यांच्या शेऱ्याच्या खाली लाल शाईनं, उत्तरपत्रिकेवर करतात तशी बरोबरची खूण होती, आणि पुढं एक शब्द: ‘विचारले.’

वहिनी आधी लाजल्या. मग हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाळाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि तीही हसू लागली.

शुक्रवारी पुस्तक परत आलं. पिशवीत टाकण्याआधी बाळाबाईनं शेवटचं पान उघडून बघितलं. लाल शब्दाच्या खाली बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रोज विचारावे.’